कुलूप, किल्ली आणि वाचक

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने संशोधन प्रकल्पासाठी जो विषय आमच्यापुढे ठेवला, तो ऐकून आम्ही प्रथम नाक मुरडले, हे कबूल करायला हवे. विषय होता ‘झेनोगिअर्स’ या जपानी व्हिडिओ खेळातील निवेदनाचा. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी बोलताना आमच्या तोंडी अजून नगरच येते. त्या नगरमध्ये बसून, मराठी वाङ्मयातले इतके विषय हाताशी असताना, हे खूळ कशासाठी, असे आम्हांला वाटले. पण तिने जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते.

१९९८ साली निघालेला हा खेळ दोन तबकड्यांवर आहे. पहिल्या तबकडीत खेळणारा हिंडतो, लढतो, गावोगावच्या माणसांशी बोलतो. दुसरीत मात्र बराच काळ पात्रे एका खुर्चीवर येऊन बसतात आणि मधल्या काळात काय घडले ते स्वतःच सांगू लागतात. प्रत्यक्ष घटनेची जागा कथनाने घेतलेली. अनेक खेळणाऱ्यांना हा दोष वाटला. तिला मात्र यात आपल्या आख्यानपरंपरेशी ताडून पाहण्याजोगे काही दिसले. जे दाखवायला साधन नाही किंवा सवड नाही, ते कीर्तनकार उभ्या उभ्या सांगून टाकतो. श्रोत्यांच्या मनात ते घडायचे राहते असे थोडेच आहे? आम्ही होकार दिला.

अडचण त्यानंतर आली. ‘झेनोगिअर्स’च्या तबकड्या जपानमध्ये आणि उत्तर अमेरिकेत निघाल्या, युरोपच्या बाजारपेठेसाठी त्या कधीच निघाल्या नाहीत. प्लेस्टेशनच्या जगात भारताची गणना युरोपच्या गटात होत असे. तिच्या मामेभावाने अमेरिकेतून अस्सल तबकड्या पैसे मोजून विकत घेऊन पाठवल्या. पण माळ्यावरून काढलेले घरचे जुने यंत्र त्या वाचेना. शेवटी सावेडीकडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे यंत्र गेले. त्याने झाकण उघडले, डाख देण्याची कांडी तापवली आणि नखाएवढी एक चिप आत बसवली. पहिल्या दिवशी चित्र उमटले ते काळ्या-पांढऱ्या रंगांत, कारण अमेरिकेच्या दूरचित्रवाणीची रंगपद्धतीही वेगळी. पण अक्षरे वाचता येत होती. तिला तेवढे पुरेसे होते.

प्रकल्पाच्या पहिल्या प्रकरणात ‘साधनाविषयी’ म्हणून तिने हे सारे एका परिच्छेदात लिहिले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, अगदी सद्‌भावनेने, तो परिच्छेद काढून टाकण्याचा सल्ला दिला. ‘सगळेच करतात, पण लिहायचे कशाला?’ असे त्यांचे म्हणणे. मुलगी आमच्याकडे आली आणि तिने सरळ विचारले, ‘सर, ही चोरी आहे का?’ आम्ही त्या वेळी ‘बघू’ म्हणालो. प्रश्न टाळायचा असला की शिक्षक ‘बघू’ म्हणतो. त्या ‘बघू’चे उत्तर येथे देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम ही चिप करते काय ते पाहू. प्लेस्टेशनच्या अस्सल तबकडीच्या आरंभीच्या भागातली खाच मुद्दाम किंचित नागमोडी केलेली असते आणि त्या वळणात चार अक्षरे दडवलेली असतात. अमेरिकेच्या तबकडीत एससीईए, युरोपच्या तबकडीत एससीईई, जपानच्या तबकडीत एससीईआय. यंत्र सुरू होताना ही अक्षरे शोधते. ती सापडली नाहीत, किंवा भलत्याच प्रांताची सापडली, तर पुढे जात नाही. घरगुती संगणकावर तबकडीची नक्कल केली तर खेळाचा सगळा मजकूर उतरतो, हे वळण तेवढे उतरत नाही, कारण कोऱ्या तबकडीची खाच कारखान्यातच ठरून आलेली असते. आठ पायांची ती चिप यंत्राच्या वाटेवर उभी राहून योग्य ती चार अक्षरे सतत सांगत राहते, आणि यंत्र विश्वास ठेवते. म्हणजे चिप स्वतः कशाचीही नक्कल करीत नाही. ती साक्ष देते, आणि खोटी साक्ष देते. समोरची तबकडी परदेशातून आणलेली अस्सल आहे की दहा-वीस रुपयांची चोरटी, हे तिला कळत नाही आणि कळण्याची सोयही नाही.

आक्षेपाचे मूळ येथे आहे, आणि तो आक्षेप खोटा नाही. या चिपा आपल्याकडे आल्या त्या काही संशोधनासाठी आल्या नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चिप आधीच बसवलेली यंत्रे मिळत आणि शेजारीच प्लास्टिकच्या पाकिटांतल्या नकली तबकड्यांचे ढीग असत. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून ते खेळ रचले त्यांच्या हाती त्यातला एक पैसाही गेला नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या अस्सल तबकड्यांकडे बोट दाखवून हा सगळा व्यवहार धुऊन काढता येणार नाही. आम्हांला तसे करायचेही नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की कुलूप उघडणे आणि चोरी करणे या दोन क्रिया आहेत. त्या पुष्कळदा एकत्र घडतात म्हणून त्या एक होत नाहीत. आणि हे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तरी कोणी नव्याने सांगण्याची गरज पडू नये.

कारण आपल्या वाङ्मयेतिहासातले एक आख्खे प्रकरण कुलूप उघडूनच आपल्या हाती आले आहे. महानुभाव पंथाचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बंद होते. सकळ लिपी ही त्यांतली प्रमुख. रवळोव्यासांनी ती सिद्ध केली असे सांगतात. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर घालायचे, आणि संकेत ज्याला ठाऊक त्यानेच वाचायचे. या कुलपामागे कारणेही होती. पवित्र वचने भलत्या हाती पडू नयेत, त्यांत कोणी भेसळ करू नये, पंथाला उपद्रव होऊ नये. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धामधुमीच्या काळात नाहीशी झाली आणि पंथीयांना ती स्मरणातून पुन्हा जुळवावी लागली, हे ध्यानात घेतले तर त्यांची सावधगिरी अनाठायी म्हणता येत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ असून नसल्यासारखा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला; वि. ल. भावे यांनी या वाङ्मयाची ओळख मराठी वाचकांना करून दिली. १९३६ पासून ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्रा’चे भाग छापून काढले. नगरकरांना तर ही गोष्ट घरचीच वाटावी. ‘लीळाचरित्रा’तले डोमेग्राम म्हणजे आपल्या श्रीरामपूर तालुक्यातले गोदाकाठचे कमालपूर. त्या लीळा ज्या भूमीत घडल्या तिथल्या वाचकांनाही त्या वाचायला विसावे शतक उजाडावे लागले.

ही तुलना फार ताणू नये, हे आम्ही जाणतो. पोथी ही श्रद्धेची वस्तू, खेळ ही बाजारातली. शिवाय महानुभावांच्या कुलपाला राखणदार होते. मठांतून संकेत जाणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या जिवंत होती. आमच्या मते हा फरक आमच्याच बाजूने बोलतो. प्लेस्टेशनचे उत्पादन २००६ साली थांबले. जी यंत्रे उरली आहेत त्यांची भिंगे मंद होत चालली आहेत. ‘झेनोगिअर्स’ पुढे डिजिटल रूपात विकला गेला, पण तोही जपान आणि अमेरिका या प्रांतांपुरताच. म्हणजे कुलूप लावणारा घर सोडून गेला आणि कुलूप मात्र इमानाने आपले काम करीत दाराला लटकून राहिले. महानुभावांच्या पोथीला निदान किल्ली सांगणारा कोणी होता. येथे किल्ली उरली आहे ती दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर.

कोणी म्हणेल, कुलपाने कृतीची शुद्धता राखली जाते. यावर नेवाशाकडे बोट दाखवावेसे वाटते. शके १२१२ मध्ये तेथे सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी कोणत्याही संकेतात बंद नव्हती. ज्याला हवी त्याने उतरून घेतली, आणि उतरता उतरता पाठ बिघडत गेले, हे खरे. पण शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करता आली ती अनेक प्रती शिल्लक होत्या म्हणूनच. बिघडलेला पाठ सुधारता येतो. न उरलेल्या पाठाचे काय करायचे?

आता कायद्याचे पाहू. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ ए घालण्यात आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने जो तांत्रिक संरक्षणाला बगल देईल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असे ते कलम सांगते. ‘हेतूने’ हा त्यातला कळीचा शब्द. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे की कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी असे करण्यास आडकाठी नाही. मात्र दुसऱ्याला मदत करणाराने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि त्याचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापुढे याच प्लेस्टेशनच्या चिपांचा खटला २००५ साली आला तेव्हा न्यायाधीशांनी चिप बसवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. यंत्रातली ती पडताळणी नक्कल करण्याला अडवत नाही, नक्कल होऊन गेल्यावर ती चालवू देत नाही इतकेच, हा त्यांच्या विवेचनातला मुद्दा. तिथला कायदा २००६ मध्ये कडक झाला. तरी बाजारपेठा वेगळ्या ठेवण्यापुरती जी प्रांतकुलपे असतात ती त्या संरक्षणातून वगळण्यात आली. आम्ही वकील नाही, आणि आमच्या विद्यार्थिनीच्या चिपेवर आपले न्यायालय काय म्हणेल याचे भाकीत आम्ही करीत नाही. पण कायद्यालाही हेतू आणि कृती यांत भेद करावासा वाटला, एवढे तर दिसतेच.

आम्हांला त्यातली नोंदीची अट विशेष मोलाची वाटते. आम्ही त्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो तेव्हा त्याच्या टेबलावर एक जाड वही होती. तीत यंत्राचा नमुना, बिघाड आणि घेतलेले पैसे लिहिलेले. हेतूचा रकाना अर्थातच नव्हता. ‘सर, पूर्वी पोरं रांग लावायची, तेव्हा कोण विचारतंय? आता वर्षाकाठी एखादा येतो, तोही म्हणतो, माझीच जुनी सीडी चालवून द्या,’ असे तो म्हणाला. गंमत अशी की चिपेचा चोरटा उपयोग ओसरला, आणि जो उरला तो बहुधा आठवणीचा आणि अभ्यासाचा. नेमक्या अशा वेळी आपण ती गोष्ट लपवून ठेवायची म्हणतो!

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही पहिल्याच तासाला सांगतो की संपादकाने आपल्यासमोर कोणती पोथी होती, ती कोठून मिळाली, कशी वाचली, कोठे अक्षर लागले नाही, हे सारे प्रस्तावनेत उघड केले पाहिजे. राजवाड्यांनी लिपी सोडवली तशी ती कशी सुटली हेही अभ्यासकांपुढे आले, म्हणूनच पुढच्यांना ते काम तपासता आले. तोच नियम येथे का नसावा? कोणते यंत्र, कोणत्या प्रांताची तबकडी, कोणी व कशासाठी चिप बसवली, चित्र रंगीत होते की काळे-पांढरे, हा त्या मुलीचा परिच्छेद म्हणजे तिची हस्तलिखित-चिकित्साच आहे. तो काढून टाकला की तिचे वाचन कोठून आले हेच कळेनासे होईल, आणि एका सरळ कामाला चोरीचा वास येऊ लागेल. वाङ्मयचौर्य ओळखायला शिकवणाऱ्या विभागाने विद्यार्थ्याला साधन लपवायला शिकवावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.

म्हणून सहकाऱ्यांचा मान राखूनही आम्ही त्यांचा सल्ला मानला नाही. विद्यार्थिनीला आम्ही सांगितले की ही चोरी नव्हे. मात्र उद्या त्याच यंत्रात नकली तबकडी घातलीस तर ती चोरी होईल, आणि चिपेला फरक कळत नाही म्हणून तो तुला कळला पाहिजे. परिच्छेद राहू दे. उलट दुरुस्तीवाल्याच्या वहीतल्या नोंदीची तारीखही त्यात घाल.

तिने ती घातली. दुरुस्तीवाल्यानेही, तिच्या सांगण्यावरून, वहीत एक रकाना वाढवून घेतला आहे. त्यात पहिली नोंद आहे, ‘अभ्यासासाठी’.