भिंतीवरचा उजेड आणि दारातला दिवा

रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी हे शिर्डीचे तीन मोठे उत्सव. त्या दिवसांत साईमंदिराचा परिसर दिव्यांच्या माळांनी उजळतो आणि दर्शनबारीत तासन्‌तास उभ्या असलेल्या भाविकाचा शीण त्या उजेडाने थोडा हलका होतो. त्याच शिर्डीत संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने उभारलेले ‘साईतीर्थ’ हे भक्तिविषयक थीम पार्क आहे. तेथील प्रकाशाची रीत निराळी. अंधाऱ्या दालनात प्रेक्षक बसतो. समोर ‘लंकादहन’ घडते, यंत्रचलित पुतळ्यांच्या साहाय्याने द्वारकामाईचा काळ उभा राहतो. याच समूहाने 2022 साली खोपोलीजवळचे ‘इमॅजिका’ हे पार्कही आपल्याकडे घेतले. त्यामुळे सणाची शोभा माळांनी करावी की प्रकाशचित्रांनी, हा जगभरच्या उद्यानचालकांचा प्रश्न नगर जिल्ह्याच्या एका व्यापारी घराण्यापर्यंत आला आहे. तो हळूहळू बाजारपेठांपर्यंतही येईल. दिवाळीच्या वर्गणीतून दुकानांवर माळा लावाव्यात, की तीच रक्कम एकत्र करून एखाद्या मोठ्या इमारतीवर ‘प्रोजेक्शन मॅपिंग’चा खेळ करावा, याचा विचार उद्या व्यापारी मंडळांना करावा लागेल. म्हणून या दोन्ही प्रकारांचा जमाखर्च आजच मांडून पाहणे उपयोगाचे ठरेल.

प्रोजेक्शन मॅपिंगमध्ये इमारत हाच पडदा असतो. प्रथम तिची बारकाईने मोजणी होते. कमानी, खिडक्या, खांब आणि कंगोरे संगणकावर उतरवले जातात आणि त्यांच्या आकारात नेमके बसेल असे चित्र तयार केले जाते. मग शक्तिशाली प्रक्षेपक ते भिंतीवर टाकतात. इमारत मोठी असली तर अनेक प्रक्षेपकांच्या चित्रांच्या कडा एकमेकींत बेमालूम मिसळाव्या लागतात. हे साधले की दगडी भिंत विरघळल्यासारखी दिसते, खांबांना पालवी फुटते आणि कमानीतून पाणी वाहू लागते. मात्र त्यासाठी सभोवताली अंधार हवा, प्रेक्षक ठरावीक बाजूला उभा हवा आणि त्याचे लक्ष त्या भिंतीकडे हवे. दिव्यांच्या माळेला यांपैकी कशाचीच फारशी गरज नसते.

अमेरिकेतील एक उदाहरण या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे जेनिंग्ज ऑस्बर्न या गृहस्थांनी 1986 साली मुलीच्या हट्टाखातर नाताळात घरावर एक हजार दिवे लावले. दरवर्षी दिवे वाढत गेले, पाहणाऱ्यांची गर्दी वाढली, वाहतूक तुंबली आणि शेजारी न्यायालयात गेले. न्यायालयाने या रोषणाईवर बंधने घातली. तेव्हा 1995 साली फ्लोरिडातील डिस्ने उद्यानाने ती आपल्याकडे नेली. पुढे दिव्यांची संख्या सुमारे 50 लाखांवर पोहोचली. जानेवारी 2016 मध्ये ती कायमची विझली, कारण ज्या रस्त्यांवर ती होत असे ती जागा नव्या खेळांसाठी हवी होती. त्याच वर्षीच्या नाताळात त्या उद्यानातील चिनी नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर प्रकाशचित्रांचा नवा खेळ सुरू झाला. फ्लोरिडातीलच सिंड्रेलाच्या किल्ल्यावर 2007 पासून दरवर्षी सुमारे दोन लाख दिव्यांचे आच्छादन क्रेनने चढवले जाई. 2020 साली तेथेही प्रकाशचित्रे आली.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने यात गैर काहीच नाही. माळा चढवायच्या, उतरवायच्या, तपासायच्या आणि वर्षभर गोदामात जपायच्या. उलट प्रक्षेपक एकदा बसवला की त्याच भिंतीवर नाताळ, नववर्ष आणि उन्हाळी सुट्टी असे वेगवेगळे देखावे दाखवता येतात. लेझर प्रक्षेपकातील प्रकाशस्रोताचे आयुष्य साधारण 20,000 तास धरले जाते. घसारा वर्षभराच्या प्रयोगांवर वाटला गेला की भांडवली खर्चाचे ओझे सुसह्य होते. एका सणापुरते चार दिवस वापरणाऱ्या मंडळाचे गणित मात्र असे जमत नाही. त्याला प्रक्षेपक भाड्याने आणावा लागतो आणि चित्रपटाचा खर्च त्या चार दिवसांवरच पडतो.

विजेचा हिशेबही करून पाहावा. पूर्वी 15 वॉटचे 500 दिवे लावले तर साडेसात किलोवॉटचा भार येई. आज सहा वॉटच्या 50 एल.ई.डी. माळा सहा तास जळल्या तरी दोन युनिटसुद्धा खर्च होत नाहीत. 20,000 ल्युमेनचा एक प्रक्षेपक सुमारे दोन किलोवॉट वीज घेतो. दहा मिनिटांचे चार प्रयोग केले तर सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे वीजबिलावरून निर्णय करण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

निर्णय व्हावा तो निराळ्या दोन गोष्टींवरून. पहिली, पैसा कोणत्या हातांत जातो. माळा आज बहुधा परदेशी बनावटीच्या असतात, हे मान्य केले पाहिजे. तरीही शिडी लावणारा, वायर ओढणारा, मांडव घालणारा, पणत्या घडवणारा कुंभार आणि आकाशकंदील विकणारा फिरता विक्रेता हे सगळे गावातलेच. प्रकाशचित्रांच्या खर्चाचा मोठा भाग चित्र तयार करणाऱ्या संस्थेकडे आणि यंत्रांच्या भाड्याकडे जातो. लहान शहराच्या बाबतीत हा पैसा बहुधा बाहेरच जाणार.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रकाशचित्रांचा खेळ माणसाला थांबवतो. दिव्यांची माळ त्याला चालत राहू देते. नगरच्या कापडबाजारात, दाळमंडईत किंवा आडतेबाजारात दिवाळीचे गिऱ्हाईक रस्ताभर फिरत असते. त्याला दहा मिनिटे एका भिंतीसमोर खिळवून ठेवले तर त्या भिंतीशेजारच्या दुकानांना गर्दी मिळेल. गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा दुकानदार मात्र, वर्गणी तेवढीच देऊन, अंधारात बसेल. शिवाय त्या खेळाला जो अंधार लागतो तो दुकानांचे दिवे मंद करूनच मिळणार. म्हैसूरचा राजवाडा सुमारे एक लाख दिव्यांनी उजळतो तेव्हा त्याची प्रत्येक कमान दुरूनही ओळखू येते, कारण दिवे तिच्याच रेषेवर बसवलेले असतात. महाराष्ट्रातील जुन्या मंदिरांसमोरच्या दगडी दीपमाळांची घडणही अशीच. दिवा ठेवण्याचे हात दगडातच कोरलेले असतात आणि तेल गावाने घालायचे असते.

उत्सवातील उजेडाला अनेकांचा हात लागावा, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणसमयी ज्ञानाचा प्रकाश मावळला म्हणून अठरा गणराजांनी दिवे उजळले, असे कल्पसूत्र सांगते. शिर्डीची प्रसिद्ध कथा तर थेट व्यापाऱ्यांचीच आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या साईसच्चरितात ती येते. साईबाबा गावातील दुकानदारांकडून तेल मागून आणत आणि मशिदीत पणत्या लावत. एके दिवशी दुकानदारांनी संगनमताने तेल नाकारले. बाबांनी पाण्यावर पणत्या पेटवल्या आणि त्या रात्रभर तेवल्या, अशी ती कथा. भाविक तिच्यातील चमत्कार पाहतो. व्यापाऱ्याने तिच्यातील दुसरी बाजूही पाहावी. दिवे त्या रात्रीही लागले. त्यांत दुकानदारांचा वाटा मात्र उरला नाही.

प्रकाशचित्रांच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. खेळ संपला की त्यांचा उजेड संपतो. माळा मात्र कित्येकदा पहाटेपर्यंत आणि सणानंतरही आठवडाभर जळत राहतात. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात मेअखेर आणि जूनच्या आरंभी लक्षावधी काजवे झाडांवर लुकलुकतात. तो उजेड हा त्यांचा जोडीदाराला दिलेला संकेत असतो आणि मोटारींच्या किंवा विजेऱ्यांच्या झोताने त्यात व्यत्यय येतो. शहरातल्या दिव्यांभोवतीही रात्रभर असंख्य कीटक घिरट्या घालून मरतात. जीवदया मानणाऱ्या घराने माळ लावावी. पण बाजार बंद झाला की ती मालवण्याचा नेमही पाळावा.

तेव्हा तिकीट काढून येणाऱ्या पाहुण्याला अचंबा विकणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी प्रकाशचित्रांचा खुशाल अवलंब करावा. वर्षभर चालणाऱ्या पार्कात तो खर्च फिटतो आणि प्रेक्षकही तेवढ्यासाठीच आलेला असतो. बाजारपेठेचे गणित वेगळे आहे. तेथे गिऱ्हाईक दुकानदाराला नावाने ओळखते आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चोपडीपूजन आटोपून उंबऱ्यात आलेल्या कुटुंबाला रामराम करून पुढे जाते. व्यापारी मंडळांनी वर्गणीचा पहिला रुपया गल्लीच्या शेवटच्या दुकानापर्यंत माळ पोहोचवण्यासाठी खर्च करावा. त्यातून काही उरले, तर एखाद्या रात्री प्रकाशचित्रांचा खेळ जरूर लावावा. मात्र तो दुकाने वाढवल्यानंतर, म्हणजे दुकानदारांच्या मुलाबाळांनाही पाहता येईल.