दुर्मीळता म्हणजे गुणवत्ता नव्हे

आयला बेटावर पीटच्या धुरात वाळवलेल्या सातूची व्हिस्की गाळणारा एक. तिचे एखादेच पिंप निवडून स्वतःच्या नावाने बाटलीबंद करणारा दुसरा. १८४२ पासून चालत आलेल्या कॅडनहेडसारख्या या स्वतंत्र व्यावसायिकांना आम्ही संपादक मानतो. ते गाळत नाहीत. निवडतात, आणि निवडीची जबाबदारी घेतात. एका पिंपातून काहीशेच बाटल्या निघतात, ही निव्वळ पिंपाची मर्यादा होय. बाजार मात्र तिलाच गुण समजतो. १९८३ मध्ये बंद पडलेल्या (आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या) पोर्ट एलनच्या जुन्या बाटल्या अनेकदा पिण्यासाठी नव्हे, जपण्यासाठीच घेतल्या गेल्या. न वाचलेल्या पुस्तकाप्रमाणे न उघडलेल्या बाटलीविषयीही मत संभवत नाही. संपादकाचा खरा सन्मान आस्वादातच आहे.