कार्डाचा रंग

पावसाळ्यात पेणच्या बाजारात शेवळं-टाकळ्याच्या जुड्या मांडून बसणाऱ्या कातकरी बाया दिवाळी सरली की दिसेनाशा होतात. मुकादमाची उचल घेऊन घरंच्या घरं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघतात. रोह्याकडच्या वाड्यांचंही तेच. कुडाच्या घराला कुलूप, नाहीतर दाराला आडवी काठी. घराखालची जमीन बऱ्याचदा दुसऱ्याच्याच नावावर.

सरकारदरबारी मात्र गरिबी रंगावरून ओळखतात. १९९९ पासून आपल्याकडे पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रेशनकार्डं आली. पिवळ्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली १५ हजार रुपये. त्यासाठी दाखला हवा, दाखल्यासाठी तलाठी-तहसीलच्या खेपा हव्यात, आणि एक खेप म्हणजे एक रोज बुडाला. भट्टीवरच्या माणसाला तो बुडवता येत नाही. ज्याच्यापाशी कागद नाही, तो आपल्याकडे गरीबसुद्धा ठरत नाही! आम्हाला ही गोष्ट उपासमारीइतकीच लाजिरवाणी वाटते.

दाखल्यांची शिबिरं माणसं वाडीवर परततात तेव्हा, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आणि वाडीतच भरवा. तहसीलदारांकडे आमची एवढीच मागणी आहे. वाचकहो, तुमच्या गावच्या ग्रामसभेत ती तुम्हीही मांडा.