पिल्लाची आई कुठे आहे, ते विचारा

संपादक महोदय,


शाळांना सुट्टी लागली की कुत्र्याच्या पिल्लांच्या जाहिरातींना जोर येतो. मोबाइलवर, दुकानाच्या काचेवर, छोट्या जाहिरातींच्या रकान्यात, सगळीकडे मजकूर जवळजवळ एकच असतो : ‘लॅब्रेडॉर पपी, ४५ दिवस, हेवी बोन, पहिली लस झालेली, विथ पेपर / विदाउट पेपर.’ यातले ‘४५ दिवस’ हे दोन शब्द प्रत्येक वाचकाला खटकावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस पूर्ण होण्याआधी पिल्लू विकायला त्यांत मनाई आहे. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. तेव्हा ‘४५ दिवस’ असं छापणारा माणूस नियम मोडत असल्याची जाहिरातच करत असतो आणि आपण त्याला फोन करून भाव विचारतो.

मीही विचारला होता. चार वर्षांपूर्वी मुलीच्या दहाव्या वाढदिवसासाठी लॅब्रेडॉर घ्यायचं ठरलं. विक्रेता बोलायला फार गोड होता. घरी आजारी माणूस आहे, तुम्ही कशाला त्रास घेता, मी बायपासच्या पेट्रोल पंपावर घेऊन येतो, म्हणाला. खोक्यातून त्याने पिल्लू काढून मुलीच्या हातात दिलं आणि तिथेच आमचं विचार करणं थांबलं. दुसऱ्याच दिवशी पिल्लाने खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले आणि हे पिल्लू जेमतेम महिन्याचं आहे, असं सांगितलं. लसीच्या कार्डावर बाटलीचं लेबल चिकटवलेलं होतं. पण डॉक्टरचा शिक्का नव्हता, सही नव्हती, तारीखही नव्हती. चार दिवस सलाईन लावूनही ते गेलं. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणाला, ‘ताई, लागण तुमच्याच घरात झाली असणार.’ पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. आमच्या घरात ते एकच रात्र राहिलं होतं.

इतक्या लहान वयात विकण्याची घाई का, हे समजून घेतलं पाहिजे. चौथ्या आठवड्यापासून पिल्लं बाहेरचं खाऊ लागतात. तिथून पुढे प्रत्येक दिवस म्हणजे खाण्याचा, जंताच्या औषधाचा, लसीचा खर्च, आणि दाटीवाटीच्या पिंजऱ्यात एकाला रोग झाला तर सगळं वेत जाण्याची धास्ती. शिवाय याच वयात पिल्लू सर्वांत गोजिरवाणं दिसतं. पण नेमक्या याच आठवड्यांत ते आई आणि भावंडांकडून शिकत असतं : किती जोरात चावायचं, कुठे थांबायचं. हे शिकायच्या आधीच उचललेल्या पिल्लाला पुढे लोक ‘चावरं’ म्हणतात आणि रस्त्यावर सोडून देतात.

फसवणूक ओळखायची माझ्या मते एकच मोठी खूण आहे. पिल्लाची आई दाखवायला सांगा. ती नुसती फोटोत किंवा व्हिडिओत नको. ती राहते त्या जागी, पिल्लांसोबत, समोर दिसली पाहिजे. जो ‘आई गावाला आहे’, ‘ती अनोळखी माणसाला चावते’ किंवा ‘अर्ध्या वाटेवर भेटू’ म्हणतो, तो बहुधा मधला दलाल असतो, नाहीतर त्याला ती कुत्री कुणाला दिसू द्यायची नसते. १८ महिने पूर्ण होण्याआधी कुत्रीकडून पैदास करू नये आणि उभ्या आयुष्यात तिची पाचपेक्षा जास्त वेतं होऊ नयेत, असं २०१७ चे हेच नियम सांगतात. दर माजाला गाभण ठेवलेल्या, सड लोंबलेल्या, केस झडलेल्या कुत्रीला पाहिलं की हिशेब कळतो. म्हणूनच ती दाखवत नाहीत.

‘पेपर’विषयीही दोन शब्द. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं. पिल्लू निरोगी असल्याची हमी ते देत नाही. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, म्हणून आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. एकाच वेताला पेपरसह एक भाव आणि पेपरविना दुसरा सांगितला, तर तो पेपर नक्की कोणत्या कुत्र्याचा, असं विचारा. पेपरवरचा मायक्रोचिपचा क्रमांक स्कॅनरने जुळवून पाहता येतो. तो पैसे देण्याआधी जुळवा.

यावर काही जण म्हणतील, आपण नाही घेतलं तर त्या खोक्यातल्या जिवाचं काय? माझ्या मुलीनेही हेच विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायला मन धजत नाही, पण खरं तेच सांगते. दयेपोटी दिलेल्या पैशांतूनच तीच कुत्री पुन्हा गाभण राहते. जीव वाचवायचा असेल, तर गल्लीतल्या आणि प्राणिमित्र संस्थांकडे असलेल्या गावठी पिल्लांना घर हवं आहे. आज आमच्याकडे तशीच एक आहे.

केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. पिल्लाच्या गळ्यातला पट्टाही त्याहून महाग मिळतो. तो दंड वाढेल तेव्हा वाढेल. पण गिऱ्हाईक आणि जाहिरात या दोन गोष्टी आजच बंद करता येतील.

त्यातली एक आपल्या हातात आहे, संपादक महोदय. विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक नसलेली किंवा ५६ दिवसांखालच्या पिल्लाची जाहिरात यापुढे आपल्या अंकात घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, नाशिक