कांदा विचारतो, काडतूस का विचारत नाही?



परदेशात मुलाकडे-पुतण्याकडे गेलं की आपण पहिल्या दिवशी काय करतो? फ्रीज उघडून कांदा-बटाटा बघतो. मीही तेच केलं. 2023 च्या जुलैत फिनिक्सला धाकट्या दिरांच्या मुलाकडे गेले होते. जमीकंद नाही, सूनबाई सूर्यास्ताआधी जेवण आटोपते, सहा वर्षांची नात नवकार म्हणते. जाऊबाईंना फोन केला, "घर अगदी आपल्यासारखं आहे गं." गॅरेजचं दार मी चौथ्या दिवशी उघडलं.

गाडी बाहेर उन्हात, आणि आत पुतण्या घामाने निथळत टेबलाला एक लोखंडी यंत्र बोल्टने कसत होता. मला वाटलं शेवयांचं यंत्र, दांडा तसाच होता. "मोठी आई, हे काडतुसं पुन्हा भरायचं मशीन," तो कौतुकाने म्हणाला. रविवारी नेमबाजीला जायचं, रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचून आणायच्या, अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात फिरवून चकाकवायच्या, मग प्रायमर, बारूद आणि वर गोळी. बारूद सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर मोजतात, ग्रेनमध्ये. एका पौंडाचे 7000 ग्रेन. तिथल्या केंद्रीय कायद्यात स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.

त्या वर्षी 30 जून ते 30 जुलै, सलग 31 दिवस तिथे दुपारचा पारा 110 फॅरनहाईट, म्हणजे आपल्या 43 अंशांवर होता. मेमध्ये पत्र्याखाली काय होतं हे राळेगावच्या बाईला कुणी सांगायला नको. बंद गॅरेजमध्ये माझा जीव घाबरला. डब्यावर लिहिलं होतं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पुतण्यानेच समजावलं की ही बारूद म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ती आपोआप हळूहळू कुजत असते, उष्णतेने लवकर कुजते. म्हणून कारखान्यातच ते थांबवणारं द्रव्य घालतात. बिघडली की आंबूस उग्र वास येतो, तांबूस वाफ निघते. आणि ती कशापासून बनते? कापसापासून! जिनिंगनंतर सरकीला जी बारीक तूस उरते, त्या लिंटरपासून. आपल्या गावात गाड्या भरून येतो तोच कापूस. बाझेलच्या शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1846 मध्ये हा शोध जाहीर केला. बायकोच्या सुती एप्रनने सांडलेलं आम्ल पुसलं, एप्रन वाळत घातला आणि तो भपकन जळून गेला, अशी कथा सांगतात. (बायकोने त्याला काय ऐकवलं, ते कुणी सांगत नाही.)

मी घाबरून बोलून गेले, "अरे, एवढ्या उन्हात हे इथे नको ठेवूस." त्याचं पुढे काय झालं ते सांगते.

ही गोष्ट मी परतल्यावर चार जणींना सांगितली. चौघींचं उत्तर एकच: "छंद आहे हो, दारू-जुगार तर नाही ना!" पुतण्याही म्हणाला होता, "मी कागदावर नेम धरतो, मुंगीही मारत नाही."

मैत्रिणींनो, प्रतिक्रमणात आपण आठवं व्रत म्हणतो ना? अनर्थदंड विरमण. त्याच्या पाच अतिचारांत संयुक्ताधिकरण आहे. उखळाला मुसळ, नांगराला फाळ, धनुष्याला बाण जोडून तयार ठेवणं, हा दोष. सुटे भाग असले तर उचलून लगेच कुणी हिंसा करू शकत नाही. जोडून ठेवलं तर कुणीही करू शकतं. तुझा हेतू काय, हे तिथे विचारलेलंच नाही. जोडलंस का, एवढंच विचारलंय. आणि त्या मशीनचं काम काय? चार सुट्या, निरुपद्रवी वस्तू जोडणं. तासन् तास, शेकड्याने.

2 नोव्हेंबर 2018 ला आपल्या तालुक्यात बोराटीच्या जंगलात अवनी वाघिणीला गोळी घातली. तेव्हा ते बरोबर की चूक यावरून घराघरात भांडणं झाली. पण तिथे निदान माणसं गेली होती, भीती होती, वाद घालण्यासारखं कारण होतं. इथे कारणच नाही. कारण नसताना करतो, त्यालाच तर अनर्थ म्हणतात.

पुतण्या मात्र वकिलासारखा बोलला. "मोठी आई, आपल्या दुकानात तीस वर्षं कीटकनाशकं विकली. ते विषवाणिज्य नव्हतं?" मी गप्प झाले. खरं आहे ते. पंधरा कर्मादानांतलं आहे, आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात विषवाणिज्यात विषाबरोबर शस्त्रही धरलं आहे. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसेक माणसं विषबाधेने गेली, तेव्हा मी कितीतरी रात्री झोपले नाही. पण दुकान बंद करा, असंही म्हणाले नाही. त्या दुकानावर घर चालत होतं, असं स्वतःला सांगत राहिले. माझं तोंड बांधलेलं आहे, कबूल. पण माझ्या चुकीने त्याचं गॅरेज पवित्र होत नाही.

शेवटी तो हिशेबावर आला: घरी भरलं की काडतूस स्वस्त पडतं. मी बी.कॉम. झालेली बाई, कागद मागितला. मशीन, साचे, काटा, पुंगळ्या फिरवायचं भांडं, टेबल, घसारा. शिवाय आधी तो रविवारी एक खोकं संपवायचा, आता स्वस्त पडतं म्हणून तीन. नगामागे खर्च घटला, महिन्याचा वाढला. पुंगळ्या साफ करताना प्रायमरमधल्या शिशाची धूळ उडते, आणि नात तिथेच सायकल चालवते, हे कोणत्या खात्यात लिहायचं?

हो, माझ्या त्या सूचनेचं झालं असं: दुसऱ्या दिवशी बारूदचे डबे गॅरेजमधून घरात आले. जिन्याखालच्या एसीतल्या कपाटात, डाळींच्या डब्यांशेजारी. "तुम्हीच म्हणालात ना, उन्हात नको!" सूनबाई काही बोलली नाही. पापोपदेश म्हणतात तो माझ्याच तोंडून घडला, त्याचं प्रायश्चित्त महाराजसाहेबांकडून घेतलं.

पर्युषणात क्षमापनेचा फोन झाला की मी "खमत खामणा" म्हणते आणि लगेच विचारते, कपाटात काय आहे? दोनदा तो हसला. गेल्या वेळी सूनबाईने फोन घेतला आणि हळूच सांगितलं, "मोठी आई, डाळी मी दुसरीकडे ठेवल्यात." डबे तिथेच आहेत. येत्या संवत्सरीला पुन्हा विचारणार आहे. तुमची मुलं तिकडे असतील, तर फ्रीज उघडून झाल्यावर तुम्हीही गॅरेज उघडा.