पोटखराब

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची एक खोड जात नाही. तो लग्नाला गेला तरी कार्यालयाच्या जागेचा भाव मनात करतो, आणि डोंगर पाहिला तरी त्याला आधी तारण दिसते. नोकरी सुटून मला आता काही वर्षे झाली, मधल्या काळात चार-पाच कादंबऱ्याही लिहून झाल्या, तरी ही खोड तशीच आहे. गेल्या मे महिन्यात दोडामार्गच्या बाजूला जाणे झाले. वळणावर जीप थांबली. समोर टेकडी, टेकडीवर शाळेतल्या कवायतीसारखी रांगेत उभी रबराची झाडे आणि प्रत्येक झाडाच्या पोटाला बांधलेली वाटी. ड्रायव्हर म्हणाला, "सायबानू, हंय पयला रान होता."

मी गप्प राहिलो. ते रान मला ठाऊक होते. त्याच्या मृत्यूच्या कागदांवर एक सही माझीही आहे.

गोष्ट १९९३ सालची. दोडामार्ग तेव्हा वेगळा तालुका नव्हता, सावंतवाडीतच मोडत असे. मी एका बँकेच्या तिथल्या शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आणली होती आणि कोकणात आंबा-काजूचे वारे भरले होते. कलमांना अनुदान मिळे; पण रान साफ करायला, गडगा घालायला, पंप बसवायला पैसा लागे, तो बँकेकडून. आम्हाला वरून लक्ष्यांक येत. मार्चअखेर जवळ आली की आम्ही प्रकरणे शोधत फिरत असू.

अशाच एका प्रकरणाच्या पाहणीला मी गेलो. अर्जदाराला सगळे गाव आबा म्हणे, मीही आबाच म्हणत असे. एप्रिलची दुपार होती. सड्यावरचा जांभा पायाखाली तापला होता. आबांच्या जमिनीत पाऊल टाकले आणि घाम वाळला. जांभूळ, किंजळ, नागचाफा, रानजायफळ; त्यांवरून मांडीएवढ्या जाडीचा गारंबीचा वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला. वरून धनेशाची जोडी गेली. धनेशाच्या पंखांचा आवाज ज्याने ऐकला आहे तो विसरत नाही. वाफेचे इंजिन चढावर धापा टाकते तसा तो असतो. कडेने व्हाळ वाहत होता, भर एप्रिलमध्ये.

मी म्हणालो, "आबा, एवढे चांगले रान का तोडता?"

आबा हसले. म्हणाले, "सायबानू, रान बघूक बरा. पण चेडवाचा लगीन रान करता काय?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शाखेत परतून मी पाहणी अहवाल भरला. सातबाऱ्यावर त्या तुकड्याची नोंद 'पोटखराब' अशी होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : सर्व्हे नंबरातला जो भाग लागवडीखाली येत नाही, म्हणजे खडक, ओढा, झाडी, तो पोटखराब. 'झाडोरा' या रकान्यात मी लिहिले, 'किरकोळ झुडपे'. दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडे पाहून आलेल्या माणसाने हे लिहिले. खरे लिहिले असते तर प्रकरण अडकले असते, आणि मला ते अडकवायचे नव्हते.

कर्ज मंजूर झाले. ठेकेदार आला. महिन्याभरात लाकूड ट्रकमध्ये आणि कोळशाच्या भट्टीत गेले. आबांनी कर्जाचा हप्ता एकदाही चुकवला नाही. बँकेच्या भाषेत ते माझ्या कारकिर्दीतले एक उत्तम खाते होते.

वर्षावन म्हटले की आपल्याला ॲमेझॉन आठवते. ते आपल्या सह्याद्रीतही आहे, हे आपल्या गावी नसते. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे सोळाशे किलोमीटरच्या या डोंगररांगेत ठिकठिकाणी सदाहरित आणि निमसदाहरित जंगलांचे पट्टे आहेत. युनेस्कोने २०१२ साली तिच्यातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही त्यांतली आपली चार. सिंधुदुर्गातली रानेही याच रांगेतली. पण त्यांतली बरीचशी खासगी मालकीची आहेत, आबांच्या तुकड्यासारखी.

अशा जंगलाची भरभराट पाहून खालची माती कसदार असेल असे वाटते. तिथेच फसगत होते. मुसळधार पावसाच्या प्रदेशात मातीतले क्षार धुऊन जातात. जंगलाची सारी पुंजी झाडांत आणि जमिनीवर कुजणाऱ्या पाचोळ्यात असते. पान पडते, बुरशी आणि वाळवी ते कुजवतात आणि मुळे ते सत्त्व लगेच ओढून घेतात. भांडवल सतत फिरते, तिजोरीत फार थोडे असते. झाडे तोडून न्या, वर आग लावा, की पहिली दोन-तीन वर्षे राखेवर नाचणी बरी येते; मग जांभ्याची कवटी उघडी पडते.

'पुन्हा झाडे लावू' असे आपण सहज म्हणतो. या रानातल्या कितीतरी झाडांच्या बिया मोठ्या आणि अल्पायुषी असतात. त्यांना सावली लागते, ओल लागते आणि वाहून नेणारा कोणीतरी लागतो. धनेश रानजायफळाचे फळ गिळतो आणि दूर कुठेतरी बी टाकतो. त्या धनेशाला घरट्यासाठी जुन्या, दांडग्या झाडाची ढोली हवी. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवत राहतो. झाड गेले की ढोली गेली, ढोली गेली की धनेश गेला, आणि धनेश गेला की रानजायफळाचे बी झाडाखालीच कुजते. मोकळ्या झालेल्या उन्हात उगवते ती रानमोडी. आपल्या लोकांनी त्या परक्या झुडपाला नाव मात्र नेमके दिले आहे.

आता त्या रबराविषयी. आबांच्या मागे मुलाने ती टेकडी विकली. काजूची बाग गेली, शेजारची उरलेली राने गेली आणि सलग रबर आले. केरळातून आलेल्या मळेवाल्यांना यात खलनायक करणे सोपे आहे. ते कष्टाळू लोक आहेत, आणि जमिनी विकणारे आपलेच होते. मला गंमत वाटते ती रबराच्या कुळकथेची. हे झाड मूळचे ॲमेझॉनच्या जंगलातले. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून त्याचे सुमारे सत्तर हजार बी लंडनच्या क्यू उद्यानात नेले आणि तिथून रोपे आशियात आली. पुढे मोटारसम्राट हेन्री फोर्ड याने १९२८ साली ॲमेझॉनमध्येच मोठा थोरला रबराचा मळा घालायला घेतला. झाडे रांगेत, दाटीने लावली आणि पानांवर बुरशीचा रोग पडून मळा बसला. १९४५ मध्ये त्याच्या कंपनीने तो नाद सोडला. मूळ जंगलात रबराची झाडे एकमेकांपासून दूर, शेकडो जातींच्या गर्दीत उभी असतात, म्हणून रोग पसरत नाही. जंगलाची ही गुंतवणूक-नीती आम्हा बँकवाल्यांना पाठ असायला हवी होती : सगळी ठेव एका जागी ठेवू नये.

त्याच ॲमेझॉनमध्ये चिको मेंडिस हा रबराचा चीक काढणारा कामगार जंगलतोडीविरुद्ध उभा राहिला. डिसेंबर १९८८ मध्ये त्याला गोळ्या घालून मारले. त्याचे म्हणणे साधे होते : जंगल उभे राहिले तरच आमचे पोट भरते. त्याच्या मृत्यूनंतर, १९९० साली, ब्राझीलने त्याच्या नावाने राखीव वन जाहीर केले, तेही माणसांना बाहेर न काढता. तिथे लोक राहतात आणि जंगल उभे ठेवून चीक व फळे गोळा करतात. जे झाड तिथे जंगल वाचवण्याचे कारण ठरले, त्याच झाडासाठी आपण इथे जंगल तोडले.

आपल्याकडे सावध करणारे कोणी नव्हते असे नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयीचा अहवाल दिला. त्यावर गदारोळ झाला. मग कस्तुरीरंगन समिती आली; तिने २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. मसुद्यांमागून मसुदे निघत राहिले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर कोसळून दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली होती. इकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीला मनाई केली होती. तोडीच्या बातम्या तरीही येत राहिल्या.

नुसत्या मनाईने रान का वाचत नाही, हे आबांनी मला १९९३ सालीच सांगितले होते. रान राखणाऱ्याला आपण काय देतो? त्याच्या रानात मुरलेले पाणी खालची गावे पितात, त्याच्या सावलीचे कौतुक पुण्या-मुंबईचे पर्यटक करतात. त्याच्या पदरात मात्र 'पोटखराब' हा शेरा पडतो. तोडले की दाम, राखले की बंदी. असा हिशेब कुठलाही संसारी माणूस किती दिवस सोसेल?

गाडगीळ समितीच्या अहवालात छोट्या जमीनधारकांना नैसर्गिक झाडोरा राखल्याबद्दल मोबदला द्यावा, अशीही सूचना होती. सारा वाद बंदीवर झाला, या सूचनेबद्दल फारसे कोणी बोलले नाही. कोस्टा रिका हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश १९९७ पासून नेमके हेच करतो आहे. इंधनावरच्या करातून तो जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे देतो. एके काळी तिथले जंगल देशाच्या चौथाई भागावर येऊन ठेपले होते. आज ते निम्म्याहून अधिक भागावर आहे. सारे श्रेय या योजनेचे नसेल, पण तिजोरी रिकामी झाली नाही आणि जंगल परतले, एवढे खरे.

आपल्या पूर्वजांपाशी वेगळी व्यवस्था होती. हेवाळे-बांबर्डे इथे देवराईत रानजायफळाची एक दलदल टिकून आहे, पाण्यातून गुडघ्यांसारखी मुळे वर काढणाऱ्या झाडांची. २०२१ मध्ये सरकारने तिला जैविक वारसा स्थळ ठरवले. क्षेत्र किती? २.५९ हेक्टर. एवढेच उरले, आणि तेही देवाच्या नावावर होते म्हणून. देवराईतली फांदी तोडायची तर गाव देवाला गाऱ्हाणे घालून कौल घेत असे. मी फक्त सातबारा मागितला होता.

परतताना आबांच्या घरी गेलो. आबा आता नाहीत. मुलगा, तोही पन्नाशी ओलांडलेला, मला घेऊन व्हाळावर गेला. गोटे कोरडे पडले होते. म्हणाला, "काका, आता शिमग्यापर्यंत टिकता, मगे टँकर." ज्या लेकीच्या लग्नासाठी रान गेले ती माहेरपणाला आली होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी तो अर्धाच प्यायलो.

आबांच्या सातबाऱ्यावर चढवलेला बँकेचा बोजा त्यांच्या हयातीतच उतरला होता. कर्ज फिटल्याचा दाखलाही मीच दिला होता. मात्र त्या कोरड्या व्हाळाचा बोजा आबांच्या नातवंडांवर चढला आहे, आणि तो उतरवण्याचा अर्ज घेणारी शाखा आपण अजून उघडलेली नाही. ती उघडायची तर सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल. सातबाऱ्यावर 'पोटखराब' लिहिलेल्या जागी 'रान' असे लिहावे, आणि त्यापुढे त्याची किंमतही.