चाकांचा आवाज आणि आपले गणित

चंदगड तालुक्यात पावसाळा काढलेल्या माणसाला वाऱ्याचा आवाज समजावून सांगावा लागत नाही. पारगडाकडे वारा उठला की विजेच्या तारा शीळ घालू लागतात. तारेमागे हवेचे भोवरे आळीपाळीने सुटतात आणि त्या लयीचाच सूर होतो. तार 3 मिलिमीटर जाडीची आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला 10 मीटर असेल, तर सेकंदाला साडेसहाशेच्या आसपास आवर्तने होतात.

नेमके हेच उतरणाऱ्या विमानाच्या पोटाखाली घडते. विमानाचा आवाज म्हणजे इंजिनाचा आवाज, अशी आपली समजूत असते. उड्डाणाच्या वेळी ते खरेही आहे. परंतु उतरताना इंजिन मंदावते आणि बाहेर काढलेली चाके, त्यांचे खांब, टेकू, नळ्या यांना ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने हवा भिडते. या आवाजाची तीव्रता साधारणतः वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. वेग दुप्पट झाला, तर आवाज 64 पट! कुर्ला, घाटकोपरच्या घरांत हा आवाज शिरतो, तेव्हा मुलांचा अभ्यास आणि आजाऱ्याची झोप दोन्ही मोडतात.

मग चाके झाकून का टाकत नाहीत? कारण आवरणाने वजन वाढते, ब्रेक थंड होण्यास अडथळा येतो, तपासणी कठीण होते. म्हणून धातूला हात लावण्यापूर्वी संगणकावरच हवा वाहवून पाहावी लागते. हे काम मोठे जिकिरीचे. वातावरणाचा दाब सुमारे 1 लाख पास्कल आणि साध्या संभाषणाचा ध्वनिदाब जेमतेम 0.02 पास्कल! एवढा सूक्ष्म फरक गणितात हरवू द्यायचा नाही. अमेरिकेच्या नासाने महासंगणकांवर हे साधले आणि चाकांवरील आवरणे, चाकांच्या पोकळीतील सुधारणा व लवचीक पंखझडपा यांमुळे विमानाच्या सांगाड्याचा आवाज 70 टक्क्यांहून अधिक घटल्याचे 2018 मध्ये प्रत्यक्ष उड्डाणांतील मोजणीवरून जाहीर केले.

आपल्याकडे काय उणे आहे? बेळगाव जिल्ह्यात हत्तरगीला एक्वस कंपनीच्या संकुलात परदेशी विमानांसाठी सुटे भाग घडतात. त्यांत लँडिंग गिअरचेही भाग असतात. हात आपले, आराखडा मात्र परक्यांचा. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने 1986 मध्येच हवेच्या प्रवाहाच्या गणितासाठी 'फ्लोसॉल्व्हर' उभा केला होता. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये 'परम 8000' घडवला. यंत्रे आपण केली, पण त्यांच्यापुढे ठेवायचे प्रश्न बहुधा दुसऱ्यांचेच राहिले, असे माझे मत आहे. (यात आम्हा पत्रकारांचाही दोष आहे, महासंगणकाचा वेग आम्ही मथळ्यात छापतो, त्याने काय सोडवले हे विचारत नाही.)

मुंबईच्या धावपट्टीकडे येणाऱ्या विमानांच्या चाकांचे गणित आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना द्यावे, त्यासाठी महासंगणकाचे तास राखून ठेवावेत आणि येणाऱ्या उत्तराची घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवर ध्वनिमापक ठेवून पडताळणी करावी. कोल्हापूर-बेळगावकडच्या मुलांनी यंत्रावर भाग कातावा, तसा त्या भागावरून वाहणाऱ्या हवेचा हिशेबही त्यांच्याच वहीत मांडला जावा.